तुम्ही नसतानाही चालेल असं नेटवर्क

प्रश्न थोडक्यात असा: प्रश्नकर्ते नेटवर्क अभियंता आहेत. तीन वर्षं दुर्गम वस्त्यांमध्ये इंटरनेट पोहोचवायचं काम करतात, आतापर्यंत ११ वस्त्या जोडल्या आहेत. रात्री-अपरात्री फोन येतात, महिन्यातले वीस दिवस प्रवासात जातात, घरी लहान मूल आहे. ते लिहितात, "काम सोडवत नाही आणि असं जगवतही नाही. शिवाय एवढं करून लोक शेवटी व्हिडिओच बघत बसतात. तोल कसा साधायचा? की कुटुंबाला घेऊन तिकडेच राहायला जाऊ?"

उत्तर:

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. काम उत्तम चाललंय, फक्त त्यात माझी ओढाताण होते, असा त्याचा सूर आहे. मी या कामात २२ वर्षं आहे आणि मला हे तसं दिसत नाही. ज्या नेटवर्कला रात्री अकरा वाजता तुम्हीच लागता, ते अजून पुरतं उभं राहिलेलं नाही. तुमची झोप मोडते ती त्या कच्चेपणामुळेच. म्हणून घरासाठी वेळ कसा काढायचा, हे मी वेगळं सांगणार नाही. काम पक्कं कसं करायचं ते सांगते. वेळ त्यातूनच निघेल.

हे मला कसं कळलं ते आधी सांगते. काही वर्षांपूर्वी माझी आई अचानक आजारी पडली. १८ दिवस मी रुग्णालयात होते आणि फोन बहुतेक वेळ बंद होता. चौथ्या दिवशी डोंगरावरचं रिले स्टेशन, म्हणजे सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं ठाणं, बंद पडलं आणि पलीकडच्या पाच वस्त्या तुटल्या. त्यांतल्या एका वस्तीत आरोग्य केंद्र होतं. आई घरी आल्यावर मी वर चढून पेटी उघडली. बॅटरीच्या धन टोकावर हिरवट-पांढरा क्षार साचला होता आणि फ्यूज उडालेला होता. टोक ब्रशने घासलं, फ्यूज बदलला. सगळी मिळून दहा मिनिटं लागली. सुटे फ्यूज त्याच पेटीत एका डबीत ठेवलेले होते. त्या पायवाटेवरून रोज माणसं येत-जात होती, त्यांतल्या दोघा-तिघांना घरचं वायरिंग करता येत होतं. तरी पेटीला कुणी हात लावला नव्हता, कारण झाकणावर कागद चिकटवलेला होता: "कोणीही हात लावू नये." अक्षर माझं होतं.

तो कागद मी तिथल्या तिथे काढला. त्यानंतर प्रत्येक पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने मोठ्या अक्षरांत चार ओळी असतात: कोणता दिवा हिरवा हवा, तो नसेल तर आधी काय बघायचं, मग काय बदलायचं, आणि एवढं करूनही नाही जमलं तर कुणाला फोन करायचा. त्या चौथ्या ओळीत माझा नंबर कधीच पहिला नसतो.

तुम्ही रेडिओ आणि अँटेनातले जाणकार आहात, त्यामुळे तुमचं लक्ष लिंककडे, म्हणजे दोन अँटेनांमधल्या बिनतारी जोडणीकडे जातं. त्रास मात्र बहुतेक वेळा विजेमुळे होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीमधला एरिक ब्रूअर यांचा गट तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाची खेड्यांतली दृष्टी केंद्रं लांब पल्ल्याच्या वाय-फायने जोडत होता. थेणीच्या रुग्णालयातले डॉक्टर व्हिडिओवरून खेड्यातल्या रुग्णाशी बोलत. ही नेटवर्कं चालू ठेवताना आलेले अनुभव त्यांनी २००८ साली मांडले. त्यांत रेडिओपेक्षा विजेच्या तक्रारी ठळक दिसतात: व्होल्टेज एकदम चढतं, एकदम पडतं आणि यंत्रं जळतात किंवा अर्धवट अडकून बसतात. माझाही अनुभव तोच आहे. तुम्हाला रात्री आलेले शेवटचे वीस फोन आठवा. त्यांतले किती विजेचे होते ते मोजून बघा.

आता एक साधा हिशोब. दोन रेडिओ, एक राउटर आणि एक स्विच मिळून २५ वॅट घेतात असं धरू. दिवसाला ६०० वॅट-तास झाले, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून ५० अँपिअर-तास. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त उपसा वारंवार केला तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून हाताशी ५० येतात. ऊन नसलेला एकच दिवस त्यात निघतो. सलग तीन दिवस काढायचे तर ३०० अँपिअर-तास हवेत. बहुतेक ठिकाणी १००चीच बसवलेली असते, कारण अंदाजपत्रकात तेवढंच बसतं. मग दुसऱ्या ढगाळ रात्री फोन येणार हे बॅटरी घेतानाच ठरलेलं असतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, त्यामुळे १९०च्या आसपास भागतं. पण तापमान शून्याखाली जात असेल तर ती त्या थंडीत चार्ज होऊ देऊ नका, खराब होते. आणि कुठलीही बॅटरी घेतली तरी व्होल्टेज ठरावीक आकड्याच्या खाली गेलं की भार आपोआप तोडणारा चार्ज कंट्रोलर हवाच. त्यावर पैसे वाचवू नका.

हाच हिशोब एकदा मी एका वस्तीच्या बैठकीत फळ्यावर मांडला होता. रात्री दहा ते सकाळी सहा नेटवर्क बंद ठेवलं तर रोजचा खर्च ६०० वरून ४०० वॅट-तासांवर येतो आणि तीन दिवसांसाठी ३००ऐवजी २०० अँपिअर-तास पुरतात, एवढंच मी सांगितलं. लोकांची झोप, मुलांच्या सवयी यांवर अवाक्षर काढलं नाही. बायका मागे बसल्या होत्या, त्यांच्यातून आवाज आला की दहाला बंद झालं तर बरंच होईल, घरात कुणी झोपतच नाही. परीक्षेला बसलेल्या मुलांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं रास्त होतं. तासभर चर्चा झाली आणि तोडगा निघाला: बाहेरचं इंटरनेट रात्री बंद, शाळेतला छोटा स्थानिक सर्व्हर चालू. हा सर्व्हर म्हणजे रास्पबेरी पायसारखा हाताच्या पंज्याएवढा संगणक. पाच-सात वॅटमध्ये चालतो. त्यावर किविक्समधून उतरवलेला विकिपीडिया, कोलिब्रीवरचे धडे (दोन्ही इंटरनेटशिवाय वाचता-शिकता येण्यासाठीची मोफत सॉफ्टवेअर) आणि मुलांनी मागितलेली पुस्तकं होती. आरोग्य केंद्राचा फोन वेगळ्या लहान बॅटरीवर घेतला, तो रात्रभर चालू राहील असा. तातडीचा मार्ग आणि करमणुकीचा मार्ग एकाच तारेवर ठेवू नका, हे त्या दिवसापासून मी प्रत्येक आराखड्यात पाळते.

रात्री बंद ठेवायचं हे वस्तीने स्वतः ठरवलं म्हणून ते टिकलं. दुसऱ्या एका वस्तीने रात्रभर चालू ठेवायचं ठरवलं, कारण तिथली निम्मी तरुण मंडळी दूरदेशी कामाला होती आणि त्यांची बोलायची वेळ मध्यरात्रीचीच होती. त्यांनी जादा बॅटरीसाठी वर्गणी काढली. दोन्ही निर्णय बरोबर होते. संतुलित जगणं म्हणजे काय, हे बाहेरून आलेल्या माणसाने ठरवू नये. आपण हिशोब मांडावा, धोके सांगावेत आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

धोके मात्र जोडणीच्या आधी सांगा. जोडणी झाल्यावर ऐकायला कुणी थांबत नाही. पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही का सांगायचा नाही, चुटकीसरशी कर्ज देणारं अॅप फोनमधल्या सगळ्या नंबरांची परवानगी का मागतं, आलेला निरोप पुढे पाठवण्याआधी काय बघायचं, घरात एकच फोन असेल तर आपलं खातं कसं बंद करायचं. दोन संध्याकाळी पुरतात. बायकांची बैठक वेगळी घ्या. मिश्र बैठकीत जे प्रश्न येत नाहीत ते तिथे येतात.

तुमच्या व्हिडिओच्या वाक्याकडे वळते, कारण मला ते सगळ्यात जास्त लागलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली. तिथे तो आजार धरलेला नाही, कामाच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून त्याची नोंद आहे. लक्षणं तीन आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन दूर जाणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. "शेवटी व्हिडिओच बघतात" हे दुसरं लक्षण आहे. तीन वर्षांपूर्वी तुम्ही हे वाक्य लिहिलं नसतं. दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी व्हिडिओ बघतो, तुम्ही-आम्हीही बघतो. त्यात त्यांचं काही चुकत नाही. तुम्ही दमला आहात. हे वाक्य पुन्हा मनात आलं की त्या आठवड्यातला एक प्रवास रद्द करा.

तरी त्या वाक्यात एक खरा प्रश्न आहे: नुसती जोडणी झाल्याने काय बदलतं? पेरूमध्ये सरकारने मुलांना साडेआठ लाखांच्या आसपास लॅपटॉप वाटले. ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. सर्वसाधारण आकलनक्षमतेत थोडी सुधारणा दिसली, एवढंच. दुसरीकडे केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आले. तारली पकडणारे मच्छीमार समुद्रातूनच विचारू लागले की कोणत्या बंदरावर भाव आहे. रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७ सालच्या अभ्यासाप्रमाणे मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला, गिऱ्हाइकाला मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त मिळाली आणि न विकलेली मासळी फेकून देणं जवळपास थांबलं. तिथे फोन वापरायचं शिबिर कुणी घेतलं नव्हतं. भाव कुठे आहे हा प्रश्न मच्छीमार रोज पहाटे स्वतःला विचारतच होते, फोनने त्याचं उत्तर दिलं. पेरूत लॅपटॉप आधी पोहोचला आणि तो वर्गात कशासाठी वापरायचा हे शिक्षकांनी नंतर शोधावं अशी वेळ आली. भारतात मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात काम केलेले केंतारो तोयामा हेच वेगळ्या शब्दांत मांडतात: माणसांचा हेतू आणि कुवत जी असेल तीच तंत्रज्ञान मोठी करतं.

म्हणून नव्या वस्तीत मी पहिल्या भेटीत यंत्र नेत नाही. एकच प्रश्न विचारते: अख्खा दिवस मोडून कुठल्या कामासाठी जावं लागतं? उत्तरं ऐकली की काय बसवायचं ते बहुतेक ठरतं. कधी तपासणीचा अहवाल आणायला, कधी एका सहीसाठी, कधी फक्त कचेरी उघडी आहे का हे बघायला. एकदा एका वस्तीला इंटरनेट नकोच होतं, वस्तीतल्या वस्तीत चालणारे फोन हवे होते. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात तालेआ दे कास्त्रो गावाने २०१३ मध्ये रायझोमॅटिका या संस्थेच्या मदतीने स्वतःचं मोबाइल नेटवर्क उभं केलं, तेही अशाच गरजेतून. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४च्या आकडेवारीनुसार जगात सुमारे २६० कोटी माणसं इंटरनेटबाहेर होती आणि मोबाइल ब्रॉडबँडचा सिग्नल मात्र सुमारे ९६ टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचलेला होता. म्हणजे बाहेर राहिलेल्यांतल्या बहुतेकांच्या डोक्यावर सिग्नल आहे. परवडत नाही, वापरता येत नाही किंवा वापरावंसं कारण नाही. नवा टॉवर उभारून यांतलं काहीच सुटत नाही.

उपग्रहाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी लवकरच सुचवेल. भूस्थिर उपग्रह, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसणारा, ३५,७८६ किलोमीटरवर असतो, प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद जातो. ५५० किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या उपग्रहांमध्ये हा विलंब जाणवत नाही. चांगली सोय आहे, जिथे लिंक अशक्य आहे तिथे जरूर घ्या. वीज मात्र जास्त लागते आणि दरमहा बिल येतं. ते बिल कोण भरणार हे आधी ठरवा.

आता माणसं. प्रत्येक वस्तीत दोघं तयार करा. एकावर भागत नाही, तो आजारी पडतो, लग्नाला जातो, गाव सोडतो. दोघांतली एक शक्यतो वस्तीत कायम राहणारी बाई असू दे. तरुण मुलं पटकन शिकतात आणि नोकरी लागली की निघून जातात. त्यात त्यांचं काही चुकत नाही, पण नेटवर्क पोरकं होतं. माझ्या सगळ्यात भरवशाच्या देखभाल करणाऱ्या बाई पन्नाशीच्या आहेत आणि त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. रोज दिवेलागणीला त्या मल्टिमीटरची (व्होल्टेज मोजायच्या यंत्राची) लाल तार धन टोकाला, काळी ऋण टोकाला लावतात आणि वहीत तीन गोष्टी लिहितात: तारीख, आकडा, आभाळ. "१२.६, ऊन." "१२.४, ढग." एका आठवड्यात ओळीने तीन दिवस "ऊन" आणि आकडा ११.९, ११.८, ११.८. त्यांनी मला विचारलं नाही. तारेच्या मागोमाग गेल्या. शेजारच्या खोलीत कुणीतरी त्याच बॅटरीवर टीव्ही जोडला होता. त्यांनी तो काढायला लावला आणि चौथ्या दिवशी लिहिलं, "१२.५, ऊन, टीव्ही काढला." माझ्या संगणकावर तेच आकडे दिसत होते, पण टीव्ही दिसत नव्हता.

या कामाचा मोबदला द्या. सेवाभाव वर्षभर टिकतो, नंतर वही कोरी राहते. दक्षिण आफ्रिकेत मंकोसी इथल्या झेंझेलेनी या सहकारी नेटवर्कची सुरुवातीची कमाई सौर स्टेशनांवर लोकांचे मोबाइल चार्ज करून देण्यातून होत होती. असं काहीतरी तुमच्याकडेही निघेल. आणि मालकी लोकांकडे द्या, नुसती सांभाळायची जबाबदारी नको. स्पेनमध्ये कॅटालोनियातलं गिफी डॉट नेट हे लोकांचं नेटवर्क २००४ पासून याच तत्त्वावर वाढलं आणि ३० हजारांहून जास्त नोडपर्यंत, म्हणजे जोडणीच्या ठिकाणांपर्यंत गेलं. तिथे कुणी एक अभियंता रात्रीचे फोन घेत बसला असता तर ते इतकं वाढलंच नसतं.

पासवर्ड, किल्ल्या आणि आराखडा तिसऱ्या कुणाकडे आहेत का? तुमच्या प्रश्नावरून ते नसावेत असं वाटतं. हे या आठवड्यात करा. लिफाफ्यात घालून, दोन ठिकाणी.

फोनचं म्हणाल तर सगळे फोन सारखे नसतात, हे लोकांना सांगावं लागतं. मी दोनच प्रकार ठेवले आहेत. आरोग्य केंद्राचा मार्ग बंद असेल तर कधीही फोन करा, तो आमच्या तिघांच्या पाळीत जिच्याकडे आठवडा असेल ती घेईल. बाकी सगळं सकाळी नऊनंतर. पहिले दोन महिने लोक नाराज झाले. मग त्यांना दिसलं की सकाळी नऊला फोन उचलला जातोच आणि त्याच दिवशी काम होतं. रात्री अर्धवट झोपेत केलेल्या दुरुस्तीपेक्षा ते त्यांनाही बरं वाटलं. तुमच्याबरोबर पाळीला कुणीच नसेल तर ११ वस्त्या एका माणसासाठी जास्त आहेत. निधी देणाऱ्यांना बाराव्या वस्तीचा आकडा हवा असतो, ते मला माहीत आहे. त्यांना स्पष्ट सांगा की सध्याच्या किमान तीन वस्त्या महिनाभर तुमच्या हाताशिवाय चालल्याखेरीज बारावी घेणार नाही. आणि पुढच्या प्रस्तावात प्रशिक्षण, मोबदला, सुटे भाग आणि दुसऱ्या माणसाचा पगार या चार गोष्टी यंत्रांच्या आधी लिहा.

प्रवास कमी करायचा उपायही साधाच आहे: बिघाड झाल्यावर जाऊ नका, ठरलेल्या दिवशी जा. उदाहरण झाडांचं घ्या. दहा किलोमीटरच्या ५.८ गिगाहर्ट्झ लिंकला मध्यावर सरळ रेषेभोवती सुमारे ११ मीटर त्रिज्येचा फ्रेनेल पट्टा, म्हणजे लहरींना जायला लागणारी मोकळी जागा लागते, त्या त्रिज्येतला ६० टक्के, म्हणजे सात मीटर तरी भाग मोकळा हवा. लिंक बसवताना तो मोकळा असतो. झाडं वाढतात. तिसऱ्या वर्षी पावसात पानं भिजली की लिंक डळमळते आणि सगळे रेडिओ तपासत बसतात. वर्षातून एकदा, पालवी फुटल्यावर, दुर्बिणीने बघून आलं तर हा फोन येतच नाही. टोकं घासणं, पेटीतल्या मुंग्या काढणं, पॅनेल पुसणं, हे सगळं याच फेरीत. लांबच्या फेरीनंतरचा दिवस मी कामाचा धरत नाही. तो घरचा असतो आणि तसं दिनदर्शिकेत लिहिलेलं असतं.

राहायला जाण्याबद्दल. आत्ता जाऊ नका. आत्ता गेलात तर रात्री फोन येणार नाहीत, दारावर थाप पडेल. घरच्यांना ती जागा खरंच आवडत असेल तर दोन वर्षांनी जा, तोवर तिथली जोडी तयार होऊ दे आणि तुम्ही तिथे शेजारी म्हणून राहू शकाल.

तोवर एक काम करा. सगळ्यात बरी चाललेली तीन गावं निवडा आणि पुढच्या महिन्यात दहा दिवसांची रजा ठरवा. रजेच्या तारखा तिथल्या वह्यांमध्ये आधीच लिहून या, म्हणजे लोकांनाही कळेल की हे दहा दिवस त्यांचे आहेत. तीन गावांत काही बिघडेल, बिघडू द्या. बाकीच्या आठ गावांसाठी ते दहा दिवस कुणी सहकारी सांभाळेल अशी सोय करा, पैसे मोजावे लागले तरी. परत आल्यावर संगणकावरचे आलेख उघडण्याआधी त्या वह्या वाचा. माझ्या पहिल्या अशा रजेनंतर एका वहीत सहाव्या दिवसाखाली लिहिलेलं होतं: "दिवा लाल. टोक घासलं. फ्यूज बदलला. दिवा हिरवा." खाली दोन सह्या होत्या, आणि त्याखाली, "सुटे फ्यूज दोनच उरले, येताना आणावेत."